मागून येणाऱ्या सायकलस्वारांस

सायकलस्वार मंडळींना,



पत्रास कारण की, तलावाच्या पाळीवर तुमची-आमची जी बोलाचाली रोज पहाटे होते, तिच्यात माझी बाजू कधी पूर्ण होतच नाही. तुम्ही चाकावर असता. एक वाक्य टाकता आणि पुढे निघून जाता. मी उत्तर जुळवेपर्यंत तुम्ही पाळीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेले असता. म्हणून जे तोंडी राहून जातं ते इथं लिहून काढते आहे. राग मानू नये, आणि मानलाच तर पूर्ण वाचून मानावा.

तुमचं ते एक वाक्य असं : ‘मॅडम, इथं गाड्यांना बंदीच आहे. गाडी नाही तिथं ट्रॅफिकचे नियम कशाला?’

प्रश्न वाटतो तितका उथळ नाही, हे आधीच कबूल करते. मोटारी आल्या आणि त्यांच्या सोयीसाठी चालणारा माणूस रस्त्याच्या कडेला, मग कडेवरून गटाराच्या झाकणावर ढकलला गेला. अमेरिकेत तर १९२० च्या दशकात मोटारवाल्यांनी मोहीमच काढली, आणि वाटेल तिथून रस्ता ओलांडणारा पादचारी हा गुन्हेगार ठरला. तेव्हा मोटार काढून घेतली की तिच्याबरोबर आलेले नियमही जावेत, असं कुणाला वाटलं तर त्यात काही गैर नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. ती बहुतेक कुणामुळे गेली हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. सायकलीनं एवढी माणसं मारली असती तर मी हे पत्र तुम्हाला नव्हे, पोलिसांना लिहिलं असतं.

पण ‘सायकल मोटारीइतकी वाईट नाही’ याचा अर्थ ‘सायकलीला काहीच लागू नाही’ असा होत नाही. माझी सगळी तक्रार या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

आमच्या कामठा गावाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण तलाव वाटून घेता आले नाहीत. दोन्हीकडे गावोगाव मालगुजारी तलाव आहेत आणि प्रत्येक तलावाला पाळ आहे. पाळ म्हणजे मातीचा बांध. वर मुरूम, मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना उतार. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. चारचाकी तिच्यावर घालणं शहाणपणाचं नसतं, म्हणून गावं तोंडाशी दगड किंवा खांब रोवून ठेवतात. सरकारी भाषेत ‘वाहनमुक्त क्षेत्र’ म्हणतात ते आमच्याकडे असं आधीपासून होतं, फक्त त्याचं उद्घाटन कुणी केलं नव्हतं. पहाटे तिथं म्हातारे फिरतात, बायका परसाकडच्या वाटेनं किंवा वैरणीला जातात, पोरं पोलीस भरतीसाठी पळतात. आणि अलीकडे तुम्ही येता. गोंदियाहून आठ-दहा जणांचा ग्रुप, डोक्यावर हेल्मेट, अंगात घट्ट कपडे, हँडलला मोबाईल. येता याचा मला आनंद आहे, खरंच सांगते. तुमच्यामुळे आमच्या पोरांना सायकल ही गरिबाची लाज वाटेनाशी झाली आहे. पण येता कसे, ते ऐका.

पहिली गोष्ट वेगाची. माणूस चालतो ताशी पाचेक किलोमीटरनं. तुम्ही पाळीवर पंचवीसनं येता. मोबाईलवर तो आकडा तुम्हीच एकमेकांना दाखवता. पंचवीसनं म्हणजे सेकंदाला सात मीटर. पुढं कुणी आडवं आलं हे डोळ्यांना दिसून बोटं ब्रेकवर आवळली जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर सायकल थांबायला लागण्याआधीच सात मीटर गेलेले असतात. त्यात खाली सुटा मुरूम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं आहे, तेव्हा एवढं सांगितल्यावाचून राहवत नाही : वेग पाचपट झाला की त्याच वजनाच्या धडकेतली ऊर्जा पंचवीसपट होते. तुमची सायकल नऊ-दहा किलोचीच असेल, किंमतही तिच्या हलकेपणाचीच मोजली असेल. पण ती एकटी धडकत नाही, तिच्यावरच्या सत्तर किलोंसकट धडकते.

दुसरी गोष्ट घंटीची, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या सायकलीला घंटी नाही. सायकल दुकानातून येते तीच बिनघंटीची, आणि हँडलवर मोबाईलला, दिव्याला, कॅमेऱ्याला जागा निघते, घंटीला निघत नाही. मग तुम्ही ओरडता. ‘साईड! साईड!’ आता हे मागून ओरडणं चालणाऱ्या माणसाच्या अंगात काय करतं ते एकदा थांबून बघा. आमच्या शेजारच्या बुढीचं सांगते. डोक्यावर गवताचा भारा, एका हातानं तो धरलेला. मागून ‘आजी, साईड!’ आलं. भारा डोक्यावर असलेला माणूस नुसती मान वळवून मागं बघू शकत नाही. त्याला सगळं अंग वळवावं लागतं. ती उजवीकडून वळली, वळताना पाय उजवीकडे सरकला, म्हणजे नेमका जिकडून तुमचा गडी काढायला बघत होता तिकडेच. तो ओरडला, ती दचकली, भारा उतारावरून खाली गेला. लागलं कुणालाच नाही. तो थांबला, ‘सॉरी आजी’ म्हणाला, भारा उचलूनही दिला. पोरगा चांगला होता. पण जाताना साथीदाराला म्हणाला, ‘या लोकांना चालायची शिस्तच नाही.’

शिस्त! ती बाई पन्नास वर्षं त्या पाळीवरून चालते आहे आणि आजवर कुणाला आडवी गेली नव्हती.

घंटी दुरून वाजते, म्हणून माणसाला वेळ मिळतो. ओरडणं जवळ आल्यावरच होतं, म्हणून दचकवतं. आमच्या लहानपणी घंटी, मागं लाल काच आणि रात्री दिवा यांवाचून सायकल रस्त्यावर आणायची छाती नव्हती. गोंदियात नगरपालिकेचा बिल्ला नसला, डायनामो चालत नसला किंवा डबलसीट दिसलं की हवालदार दोन्ही चाकांची हवा सोडून द्यायचा आणि मग सायकल हातात धरून घरापर्यंत पायपीट. ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. का वाटत नाही ते पुढे सांगते.

दिव्यांचंही एक आहेच. पूर्वी दिवा मिणमिणता होता, आता तुमचा पांढरा, लुकलुकणारा, आणि नेमका समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. मोतीबिंदू झालेल्या माणसाला तो दिसला की पुढची पाळ दिसेनाशी होते. जरा खाली वाकवा एवढंच.

तिसरी तक्रार चौघा-चौघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत येण्याची. तिच्यावर फार लिहीत नाही, कारण आम्ही चालणारेही तेच करतो. निवृत्त मंडळींचा एक घोळका राजकारण बोलत अख्खी पाळ अडवून चालतो आणि कानात बोंडं घालून फिरणाऱ्या नव्या सुनबाईंना आगगाडी आली तरी कळणार नाही. त्यांना मी वेगळं बोलते, आणि ते माझ्यावर वेगळे रागावतात.

आता मूळ मुद्द्यावर. गाडी नाही तिथं नियम हवा का?

तुम्ही येता त्या वेळी कधी मान वर करून बघता का? आमच्या उशाशी बिर्शीचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी, आता तिथं वैमानिक घडवणारी संस्था चालते, आणि शिकाऊ पोरांची लहान विमानं कामठ्यावर दिवसभर घिरट्या घालतात. आकाशाइतकी मोकळी, गाड्यांवाचूनची जागा दुसरी कुठली? ना चौक, ना सिग्नल, ना फुटपाथ. तरी त्या पोरांना पहिल्या काही धड्यांत कुणी कुणाला वाट द्यायची ते शिकावं लागतं. जगभर तो नियम एकच आहे. इंजिनाच्या विमानानं ग्लायडरला वाट द्यायची. ग्लायडरनं फुग्याला वाट द्यायची. म्हणजे ज्याला चटकन वळता येत नाही त्याचा मान मोठा. आणि दुसरं : मागून येऊन पुढं जाणाऱ्यानं वळसा घालून जायचं, ज्याला ओलांडलं जातंय त्यानं आपली वाट सोडायची गरज नाही. लांबून जाण्याची, थांबण्याची, पुढच्याला न दचकवण्याची सगळी जबाबदारी मागच्याची.

आकाशात ‘आजी, साईड!’ नाही.

आणि हे काही विमानवाल्यांकडूनच शिकायला हवं असं नाही. रोवणीच्या दिवसांत आमच्या बांध्यांत या. दोन बांध्यांमधला धुरा असतो जेमतेम दोन पावलांचा, त्यावरून समोरासमोर माणसं येतात. एकाच्या खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या लोंबताहेत. दुसरा रिकाम्या हातांनी. कुणी खाली चिखलात उतरायचं यावर आजवर भांडण झालेलं मी पाहिलं नाही. रिकामा उतरतो. तो गावचा पाटील असला तरी उतरतो, कारण कावडीला लय असते, ती मोडली की माणूस पडतो. कुणी फलक लावलेला नाही, दंड नाही, पण नियम आहे आणि तो शाळेत न गेलेल्यालाही पाठ आहे. तुम्हाला तो लागू करायचा तर फार डोकं चालवायला नको. पाळीवर ओझेवाला, म्हातारा, पोर कडेवर घेतलेली बाई हे कावडीवाले. तुम्ही रिकामे.

तुम्ही म्हणाल, दोन-चार माणसांच्या धुऱ्यावर चालतं, हजारोंच्या गर्दीत रूढी टिकत नाही. मग वारी बघा. लाखो माणसं, जवळजवळ सगळी पायी. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीची ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिली, ती अजून चालते. दिंड्यांना क्रमांक आहेत. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे. कुणी कुणाच्या पुढं घुसत नाही. संध्याकाळी तळावर समाज आरतीला चोपदारानं दंड उंचावला की एवढा समुदाय गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार जाऊन विचारतो, ऐकून घेतो, आणि तेव्हा ते टाळ थांबतात. पायी चालणाऱ्यांना नियम नको असतो असं म्हणणाऱ्यानं हा प्रकार एकदा पाहावा. त्यांना नियम हवा असतो. तो त्यांनी स्वतः केलेला असावा आणि तक्रार ऐकणारा माणूस समोर उभा असावा, एवढीच अट असते.

शहरांत नेमकं हेच राहून जातं. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक पट्टा गाड्यांना बंद ठेवला. मुंबईत मार्च २०२२ पासून रविवारी सकाळी काही रस्ते पोलिसांनी लोकांसाठी मोकळे केले, तिथं एकाच डांबरावर योगासनं, स्केटिंग आणि सायकली. उत्तम कल्पना. पण गाडी बाहेर काढली की आतल्या माणसांचं आपोआप जमेल असं गृहीत धरलेलं असतं. माथेरानला तर मोटार नाहीच. तरी घोडे, हातरिक्षा आणि डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा यांत वाटेचा आणि पोटाचा असा दुहेरी वाद इतका पेटला की तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाला माणसानं माणूस ओढण्याची पद्धतच बंद करायला सांगावं लागलं. तेव्हा गाडी गेली म्हणजे वाद गेला, हे खरं नाही.

कायद्याचं म्हणाल तर तुम्ही समजता तसे मोकळे नाही आहात. मोटार वाहन कायद्यात सायकल येत नाही, हे बरोबर. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये ‘वाहन’ या शब्दात सायकल नाव घेऊन घातलेली आहे. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक वाटेवर बेदरकारपणे कुठलंही वाहन हाकणाऱ्याला लागू होतं, त्यात इंजिनाची अट नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. लंडनमध्ये २०१६ साली पुढचा ब्रेक नसलेली सायकल धडकून रस्ता ओलांडणारी एक बाई मेली. त्या सायकलस्वाराला शिक्षा द्यायला न्यायालयाला १८६१ चा, घोडागाडीच्या काळातला कायदा शोधून काढावा लागला, अठरा महिन्यांची कैद झाली. तिकडं मग २०२२ च्या जानेवारीत रस्त्याच्या नियमपुस्तिकेत उतरंडच लिहून काढली : ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते त्याची जबाबदारी अधिक. ट्रकची मोटारीपेक्षा, मोटारीची सायकलीपेक्षा, सायकलीची पायी माणसापेक्षा. जर्मनीत पादचाऱ्यांच्या रस्त्यावर सायकलीला मुभा असेल तिथं ती माणसाच्या चालीनंच चालवावी लागते.

हे सगळं सांगते आहे, पण उद्या कुणी अधिकारी पाळीवर पावतीपुस्तक घेऊन उभा राहिला तर त्याच्यापुढं आडवी पहिली मी होईन. हवालदाराच्या दिवसांबद्दल वर म्हटलं ते याचसाठी. नियम वरून आला की तो आधी दुबळ्याला सापडतो. माझ्या शाळेतल्या मुली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर शाळेत जातात. त्या सायकली नसत्या तर त्यांतल्या कितीतरी जणी आठवीनंतर घरी बसल्या असत्या. एकीच्या कॅरिअरवर दुसरी बसते, कारण दुसरीची सायकल भावानं नेलेली असते. पावतीपुस्तक निघालं की पहिली पावती त्या डबलसीटची फाटेल. तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी वकील असतो, कुणीतरी डॉक्टर. दूधवाल्याचे कॅन हँडलला लटकलेले दिसतील आणि त्याला ‘धोकादायक सामान’ म्हणून थांबवतील. म्हणून मला परवाना नको, बिल्ला नको, सीसीटीव्ही तर नकोच. पायी माणसासाठीही नवा नियम नको. त्यानं डावीकडून चालावं, रांगेत चालावं, मागं बघत चालावं असं कुणी म्हणू लागलं तर मोटारीनं शंभर वर्षांपूर्वी केलं तेच सायकल करू लागली असं मी म्हणेन. मोटार नाही अशी एक जागा त्याला मिळाली आहे. तिथं तरी त्याला वेडंवाकडं चालू द्या, मधेच थांबून कमळं बघू द्या.

नियम वेगाला हवा. जो जितका वेगानं येईल त्याच्यावर तितका.

तेव्हा मागणं असं. सायकलीला घंटी बसवा. घंटी स्वस्त असते, आणि तुमच्या सायकलीची किंमत मी ऐकून आहे. ती दुरून एकदा वाजवा आणि मग वाट बघा. पुढचा बाजूला झाला नाही तर त्याला ऐकू आलं नसेल, किंवा होता येत नसेल. दोन्ही बाबतीत पुन्हा वाजवण्यानं काही साधत नाही. मग त्याच्यामागं त्याच्या चालीनं या, आणि जागा दिसली की उजवीकडून, हात लांब राहील इतकं अंतर ठेवून काढा. माणसं असताना पाळीवर चाल माणसाची. पंचवीसचा आकडा गाठायचा तर आमगावचा डांबरी रस्ता पहाटे मोकळाच असतो.

आठवडी बाजारात आणि मंडईत उतरून हातात धरून चालत या. तुम्ही शहरातले असाल तर सांगते, आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भाऊबीजेपासून गावोगाव भरणारी जत्रा, रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि माहेरी आलेल्या लेकींनी फुललेले रस्ते. त्या दिवशी गावातला रस्ता आपोआप वाहनमुक्त होतो, कारण वाहन शिरायला फटच उरत नाही. गेल्या मंडईत तुमच्यातले दोघे त्या गर्दीतून पॅडल मारत, तोल सावरत निघाले होते. कौशल्य होतं, नाही म्हणत नाही. पण खेळण्यांच्या दुकानापुढं उकिडवं बसलेल्या पोराच्या बोटांपासून तुमचं चाक किती लांब होतं ते तुम्हाला वरून दिसलं नाही. मला दिसलं.

ग्रुपमध्ये एकानं चोपदार व्हा. सगळ्यांत पुढं असतो तो नव्हे, सगळ्यांत मागं असतो तो. तुम्ही पुढं गेल्यावर माणसं काय बोलतात ते त्यालाच ऐकू येतं. गावानं काही म्हटलं तर त्यानं थांबून ऐकावं. आमची तक्रार ऐकायला तुमच्यातलं कुणीच मागं उरत नाही, हीच खरी अडचण आहे.

एका बाबतीत माझं मत अजून बनलेलं नाही, ते तुमच्यापुढं ठेवते. बॅटरीच्या सायकली आता गावात येऊ लागल्या. अडीचशे वॅट आणि ताशी पंचवीसच्या आतली असेल तर कायदा तिला मोटार मानत नाही. म्हणजे खांबांमधून ती पाळीवर येऊ शकते. गुडघे गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीला तिच्यामुळं पुन्हा तलाव दिसला. आणि त्याच सायकलवरून सोळा वर्षांचं पोरगं एक पॅडल न मारता, आवाज न करता मागून येतं, तेव्हा तुमच्या ‘साईड’चीसुद्धा आठवण यावी इतकं ते शांत असतं. तिला येऊ द्यावं की नाही? मला चालीची मर्यादा पुरेशी वाटते, आमच्या सरपंचांना बंदी हवीशी वाटते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाळीचा विषय घ्यावा असा अर्ज मी दिला आहे. तुम्हाला तिथं मत नाही, पण तुमचं म्हणणं ऐकायला हवं असं मी अर्जात लिहिलं आहे. दोघं-तिघं या. उन्हाच्या आत परतायचं म्हणून घाई करू नका. सभा वेळेवर सुरू होत नाही.

कळावे, लोभ आहेच, वाढावा.

आपली नम्र,
पाळीवर रोज पायी फिरणारी एक निवृत्त शिक्षिका
कामठा, ता. जि. गोंदिया